फ्रीस्टाइलसाठी फ्रेम: सुटे आर्म की एकसंध प्लेट?

सह्यवारा
पाच इंची प्रॉपच्या (पंख्याच्या) फ्रीस्टाइल क्वाडला, म्हणजे हवेत कसरती करणाऱ्या चार मोटरींच्या ड्रोनला, टिकाऊ फ्रेम (सांगाडा) कुठली, असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सहा मिलिमीटर जाडीचे आर्म (टोकाला मोटर बसते ते दांडे) घे, मोडणारच नाहीत. मला हे मुळीच पटत नाही. आपल्याकडे क्वाड गवतावर कमी आणि दगडावर जास्त पडतो. घाटमाथ्याचा कातळ असो की कोकणातला जांभा, फुल थ्रॉटलवर आपटलं की कुठलाही आर्म आज ना उद्या जातोच. म्हणून मी आधी दोनच गोष्टी बघतो. मोडलेला आर्म बदलायला काय काय उघडावं लागतं? आणि तो आर्म सुटा विकत मिळतो का?

सोर्स वन, मार्क फोर, एपेक्स, या तिन्ही फ्रेमचे आर्म सुटे आहेत. खालची प्लेट आणि आर्म एकच असलेली फ्रेम मोडली तर चारही मोटरी, स्टॅक (मधले सर्किट बोर्ड), कॅमेरा, सगळा संसार उतरवून दुसऱ्या प्लेटवर चढवायचा. त्यात रविवारची सकाळ जाते.

दुसरं कारण फार कोणी बोलत नाही, ते कार्बनच्या धाग्यांचं. फ्रेम ज्या कार्बन फायबरच्या शीटमधून कापतात तिच्यातले धागे बहुतेक दोन दिशांना, एकमेकांशी काटकोनात असतात. सुटा आर्म कापताना त्याची लांबी धाग्याच्या दिशेत ठेवता येते. एकसंध प्लेटमध्ये हे फक्त ट्रू एक्सला जमतं, कारण तिथे आर्मच काटकोनात असतात. वाइड एक्स किंवा डेडकॅट, म्हणजे आर्म काटकोनात नसलेली फ्रेम, एका शीटमधून कापली की काही आर्म धाग्याला तिरके जातातच, आणि तिरका आर्म कमी ताठ असतो, कमी मार सोसतो.

माझी निवड: पाच मिलिमीटर, सुटे आर्म, बॅगेत दोन जास्तीचे.

उलटी_गिरकी
धाग्यांचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही. सुटा आर्म म्हणजे सांधा, आणि सांधा म्हणजे ढिला होणारा स्क्रू. आर्म किंचित हलायला लागला की ती थरथर जायरोपर्यंत (क्वाडचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोचते, मोटरी तापतात, आणि माणूस ट्यूनला (कंट्रोलच्या सेटिंगला) दोष देत बसतो. एकसंध प्लेटला ही कटकटच नाही.

जाडीचंही गणित बघा. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. पाचाचे सहा केले तर आर्म सुमारे 1.7 पट ताठ होतो, वजन मात्र आर्मपुरतं वीस टक्केच वाढतं. हा सौदा कोण सोडेल? आर्माटन या फ्रेम कंपनीने नाव कमावलं ते फ्रेमवरच्या आजीवन हमीवर. चिवट, जाड कार्बन वापरल्याशिवाय अशी हमी देण्याची हिंमत होत नाही.

सह्यवारा
हमी चांगली, पण ती प्लेट परदेशातून यायची असते. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे. सुटे भाग मागवता येतात, तरी कुरियर आणि कस्टमचा खर्च आपल्याच खिशातून. तोवर क्वाड कपाटात. सोर्स वनचं डिझाइन मात्र खुलं आहे. फाइल उतरवून घ्या, चांगली कार्बन शीट मिळवा आणि कार्बन कापणाऱ्या सीएनसीवाल्याकडून आर्म कापून घ्या. माझ्या लेखी टिकाऊपणात हेही येतं.

सोल्डरवाली
तुम्ही दोघंही आर्मवर अडकला आहात. बॅटरी आणि गोप्रोसकट 700 ग्रॅमचा क्वाड ताशी 100 किलोमीटरने भिंतीवर गेला तर साधारण 270 ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. आर्म मोडला तर त्यातली काही तिथेच जिरते. आर्म नाहीच मोडला तर मोटरची बेल (बाहेरचं फिरणारं कवच) चेपते, शाफ्ट वाकतो किंवा स्टॅकला हादरा बसतो. मोटर आर्मपेक्षा कितीतरी महाग असते, आणि चित्र गॉगलकडे पाठवणारं डिजिटल व्हिडिओ युनिट तर त्याहूनही. मग आर्म अभंग ठेवण्याचा एवढा अट्टहास कशासाठी?

फ्रेम हातात घेतली की मी आधी पुढची बाजू बघते. कॅमेऱ्याची लेन्स बाजूच्या प्लेटींच्या आत आहे की बाहेर डोकावतेय? व्हिडिओ युनिट बंदिस्त आहे का? अँटेना प्रॉपच्या वाटेत येतो का? लेन्स दोन मिलिमीटर बाहेर असली तरी ती फ्रेम मी घेत नाही, आर्म कितीही जाड असोत. आणि वजन कमी ठेवा. हलका क्वाड आपटतो तोही हलकाच.

उलटी_गिरकी
ताई, कॅमेऱ्याबद्दल शंभर टक्के बरोबर. पण आर्म मुद्दाम मोडू द्यायचा हे मला मान्य नाही. फ्रीस्टाइल आपण व्हिडिओसाठी उडवतो. बारीक आर्मची थरथर कमी फ्रिक्वेन्सीवर येते, आणि ती गाळायला अवघड. आरपीएम फिल्टर (थरथर गाळणारं सॉफ्टवेअर) मोटरच्या फेऱ्यांमागे धावतो, फ्रेमची स्वतःची थरथर त्याच्या हिशोबात नसते. वर जेलो आला, म्हणजे व्हिडिओ जेलीसारखा लाटांत हलला, तर अख्खी बॅटरी वाया.

सोल्डरवाली
पाच मिलिमीटरला "बारीक" म्हणू नका. पाच इंची प्रॉपला ते पुरेसं ताठ असतं. चार मिलिमीटरचे आर्म असते तर तुमच्याशी वाद घातलाच नसता.

पहिलीभरारी
सिम्युलेटरवर शिकतोय, पहिलाच क्वाड बांधायचा आहे. मी काय घेऊ?

सह्यवारा
सोर्स वन किंवा मार्क फोर घे, आणि त्याच ऑर्डरमध्ये दोन आर्म जास्त मागव. बांधण्याआधी कार्बनच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने घास, तोंडाला मास्क लावून. ती धूळ फुप्फुसांना वाईट. मग कडांना पातळ सुपरग्लू ओढ, म्हणजे थर सुटत नाहीत. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे बॅटरीच्या वायरी कडेला घासू देऊ नकोस. मोटरचे स्क्रू लांब नाहीत ना ते तपास, वाइंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) टेकले तर मोटर जळते.

उलटी_गिरकी
आणि आर्मच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद) लाव, उडवायला निघण्याआधी प्रत्येक आर्म हाताने हलवून बघ. एवढं नेमाने होणार असेल तर सुटे आर्म घे. नाहीतर ट्रू एक्सची एकसंध प्लेट घे, सहा मिलिमीटरची. मी अजूनही तीच उडवतो.