सामायिक सभागृहात सिनेमा आणि गाण्यांचे कार्यक्रम बंद करावेत का?

सूरसंगत (धागाकर्ती)

आमच्या इमारतीच्या सामायिक सभागृहात महिन्यातून एकदा सिनेमा आणि एकदा गाण्यांची बैठक असते. आवाजाचा त्रास होतो म्हणून हे बंद करावं, असा अर्ज काही सभासदांनी दिला आहे. माझं मत सरळ आहे: बंद करू नये. एरवी त्या खोलीत फक्त सभा होतात, आणि सभेला लोक एकतर भांडायला येतात नाहीतर सही करून निघून जायला. वर्षानुवर्षं एकाच जिन्यावरून ये-जा करणारी माणसं एकमेकांशेजारी बसून हसतात ती याच संध्याकाळी. एकट्या राहणाऱ्यांना घरात टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांची वानवा नाही, सोबतीची आहे. विरोधी मतंही मांडा, पण कारणांसकट.

वरचा मजला

कारण देते. मी सभागृहाच्या बरोब्बर वर राहते. खिडक्या-दारं लावली की बोलणं, गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. येते ती फक्त धडधड. ती कानापेक्षा छातीत जाणवते. लहान बाळ झोपवायचं असलेल्या घराला हे दोन तास किती लांब वाटतात, ते खाली टाळ्या वाजवणाऱ्यांना कळत नाही. झोपेच्या खोलीत रात्री सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सुचवलं आहे. आमच्याकडे त्याच्या आसपासही नसतो. सोबत हवी हे मान्य, पण ती माझ्या छतावर नाचून का? माफ करा, माझ्या जमिनीखाली.

ध्वनीवाला

वरच्या ताई बरोबर बोलताहेत, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. ५० हर्ट्झच्या खर्जाची, म्हणजे त्या धडधडीसारख्या अगदी खालच्या पट्टीतल्या आवाजाची, तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. पडदे, गालिचे, फोमचे तुकडे तिला अडवत नाहीत; ते फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतात. उलट तेवढंच केलंत तर आत सगळं गुळगुळीत वाटतं आणि वर धडधड तशीच पोचते. स्पीकर थेट फरशीवर ठेवला असेल तर कंप स्लॅबमधून जातो.

पण म्हणून कार्यक्रम बंद करा हे मला पटत नाही. सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, काढून टाका. आवाजाच्या मिक्सरवर खालच्या पट्ट्या कापा. स्पीकर रबरी पायांवर ठेवा. पुढे एक मोठा स्पीकर लावला की मागच्या रांगेला ऐकू यावं म्हणून आवाज चढवावा लागतो. त्याऐवजी श्रोत्यांच्या जवळ दोन-चार छोटे लावा. सिनेमात खरी गोची संवादांची असते. कुजबूज ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी आवाज वाढवतं आणि पुढच्याच मिनिटाला स्फोट होतो. उपशीर्षकं कायम चालू ठेवा, ही ओढाताणच संपते. कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांनाही सिनेमा नीट कळतो. १० डेसिबल कमी केले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, खालच्यांची मजा मात्र निम्मी होत नाही.

कलम-पोटकलम

आवाजावर सगळे बोलताहेत, परवानगीचं काय? घरगुती वापरासाठी घेतलेली डिस्क किंवा ऑनलाइन सिनेमांची वर्गणी म्हणजे सार्वजनिक खेळाची परवानगी नव्हे. तिकीट लावलं नाही म्हणून तो खेळ खाजगी ठरत नाही. गाण्यात तर शब्द-चालीचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. हा वाद जुना आहे. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत आपलीच रचना वाजताना ऐकून एर्नेस्त बूर्जे या गीतकाराने पेयाचे पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझ्या गाण्याचे देत नाही, मग मी का देऊ, हा त्याचा मुद्दा. न्यायालयात तो जिंकला आणि १८५१ साली तिथे हक्कशुल्क गोळा करणारी सासेम ही संस्था उभी राहिली. तेव्हा आधी लेखी परवानगी, मग पडदा. नाहीतर हक्कमुक्त झालेले जुने सिनेमे दाखवा.

सूरसंगत

परवानगीचं पूर्ण मान्य. कलावंताचे पैसे बुडवून संस्कृती टिकवायची, हे मलाही नको. पण "आधी कागद" हे दरवेळी "कधीच नको" असंच निघतं, याची चीड येते. अर्ज लिहायला हात पुढे करा ना.

मागची रांग

माझा विरोध वेगळ्याच गोष्टीला आहे. खोली सगळ्यांची, निवड मात्र त्याच चार जणांची. शनिवार संध्याकाळ कायमची त्यांची. मुलांना अभ्यासाला तीच खोली हवी असते, त्यांना सांगतात "आज कार्यक्रम आहे". तरुण मुलांनी त्यांची गाणी लावली तेव्हा मात्र हेच लोक आवाजाची तक्रार करत होते! तारीख पाळीने द्या, सिनेमा प्रत्येक वेळी वेगळ्या घराला निवडू द्या. आणि खुर्च्या कोण उचलतं, तेही वहीत लिहा. गेल्या वेळी दोन म्हाताऱ्या बायका उचलत होत्या.

वरचा मजला

ध्वनीवाल्यांनी सांगितलेलं सगळं केलंत तर मी अर्जावरची सही मागे घेईन. एकाच अटीवर. आवाजाची कळ आयोजकांच्या हातात नको. रंगात आलेला माणूस स्वतःहून आवाज कमी करत नाही, हे मी अनेकदा अनुभवलंय. वरच्या घरांपैकी कोणीतरी खाली बसेल, कळ त्याच्याकडे राहील, आणि दहाला बंद म्हणजे शेवटचं गाणं अर्ध्यात असलं तरी बंद.

सूरसंगत

कळ द्यायला तयार आहे. शेवटचं गाणं अर्ध्यात तोडायला मात्र नाही; ते पावणेदहालाच सुरू करू. यावर बोलायला याल का खाली?