ट्रायग्लिसराईडच्या आकड्यातलं मोकळं ग्लिसरॉल: ब्लँक सक्तीचा करावा का?

निवळ_सीरम (धागाकर्ता)
आपल्याकडे बहुतेक लॅब जीपीओ-पीएपी किटवर (एन्झाईमनं रंग आणून रक्तातली चरबी मोजायची पद्धत) जो आकडा काढून 'ट्रायग्लिसराईड' म्हणून छापतात, त्यात रक्तात आधीपासून मोकळं फिरणारं ग्लिसरॉलही मोजलेलं असतं. लायपेज हे एन्झाईम ट्रायग्लिसराईडचे तीन फॅटी ॲसिड तोडतं, उरलेल्या ग्लिसरॉलवर कायनेज एटीपीचा फॉस्फेट चढवतं, जीपीओ (ग्लिसरॉल फॉस्फेट ऑक्सिडेज) त्यातून हायड्रोजन पेरॉक्साईड काढतं आणि पेरॉक्सिडेज ४-अमिनोअँटिपायरिनच्या साथीनं लाल रंग आणतं. लायपेजच्या पुढच्या एकाही एन्झाईमला ग्लिसरॉल कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. हे मोकळं ग्लिसरॉल आकड्यातून वगळायची सोय म्हणजे ब्लँक.

ग्लिसरॉलचा रेणुभार ९२, ट्रायग्लिसराईडचा (ट्रायओलीन धरून) ८८५. म्हणजे मोकळं ग्लिसरॉल डेसिलिटरला १ मिलिग्रॅम असलं की मशीन साधारण ९.६ मिलिग्रॅम ट्रायग्लिसराईड दाखवतं. निरोगी माणसात ट्रायग्लिसराईडच्या आकड्यावरचा हा भार ५ ते १० मिलिग्रॅमचा, ते ठीक. पण हेपरिन दिलेला किंवा डायलिसिसवरचा रुग्ण, मधुमेहाचा कीटोॲसिडोसिस, लांबलेला उपास यात तो चांगलाच वाढतो. शिवाय ग्लिसरॉल कायनेजची जन्मजात कमतरता असते. दोष एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे सापडतो बहुधा पुरुषांत. रिपोर्ट ६००-७०० आणि सीरम पाण्यासारखं निवळ. अशा माणसाला विनाकारण फायब्रेट (ट्रायग्लिसराईड कमी करायचं औषध) सुरू होतं, आकडा ढिम्म हलत नाही आणि बोल पथ्याला लागतो.

वर एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) फ्रीडवाल्डच्या सूत्रानं काढलेलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा. कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४०, खरं ट्रायग्लिसराईड १३०: एलडीएल १४४. तेच मोकळ्या ग्लिसरॉलमुळे ३३० वाचलं तर एलडीएल १०४. औषधाचा निर्णय इथेच फिरतो.

जपानमध्ये मोकळं ग्लिसरॉल आधी संपवणारी दोन टप्प्यांची रिएजंटं (तपासणीची रसायनं) नेहमीच्या वापरात आहेत. आपल्याकडेही ती सक्तीची करावीत, असं माझं मत.

दोनशेचा_स्टँडर्ड
साफ असहमत. अपवादापायी रोजचं काम बिघडवायला निघालात.

तालुक्याच्या लॅबचं सेमी-ऑटो (अर्धस्वयंचलित) मशीन डोळ्यासमोर आणा. १० मायक्रोलिटर सीरम, १ मिलिलिटर रिएजंट, ३७ अंशांवर १० मिनिटं, ५०५ नॅनोमीटरला रीडिंग. टिपच्या बाहेर चिकटलेला थेंब टिश्यूनं पुसला नाही तर ०.२ मायक्रोलिटर सहज जास्त जातं, म्हणजे २ टक्के गेले. अमेरिकेच्या एनसीईपी या कोलेस्टेरॉल कार्यक्रमानं १९९५ मध्ये ट्रायग्लिसराईडला अचूकतेचं जे माप घालून दिलं, त्यात सीव्ही (तोच नमुना पुन्हापुन्हा मोजताना पडणारा फरक) ५ टक्क्यांपर्यंत चालतो. १५० वर ५ टक्के म्हणजे ७.५. तुम्ही ब्लँकनं काढणार किती, तर ८! २०० चा स्टँडर्ड (आकडा आधीच ठाऊक असलेलं द्रावण) ०.२५० ओडी (रंगाच्या गडदपणाचं माप) देत असेल तर ८ मिलिग्रॅमचे होतात ०.०१०. फ्लोसेलमधला (मशीन रंग वाचतं त्या कुपीतला) एक बुडबुडा याहून मोठा आकडा देतो. आणि हा असला आकडा वजा केला की त्याची चूकही निकालात येऊन बसते.

निवळ_सीरम
हा हिशेब ब्लँक वेगळ्या नळीत लावला तर खरा. दोन टप्प्यांत सीरम एकदाच जातं, त्याच क्युव्हेटमध्ये (मोजायच्या कुपीत). पहिल्या रिएजंटमध्ये कायनेज, जीपीओ आणि पेरॉक्साईड खाऊन टाकणारी व्यवस्था असते, रंगाचा एक घटक मुद्दाम बाहेर ठेवलेला. ५ मिनिटांत मोकळं ग्लिसरॉल रंग न देता संपतं. मग दुसऱ्यातून लायपेज आणि उरलेला घटक. वजाबाकीच नाही, तर तिची चूक कुठून येणार?

क्यूसी_ताई
रसायनशास्त्र निवळ_सीरम यांचं बरोबर, 'सक्ती' चूक.

मशीनच्या आधी डोळे वापरा. नळी छापील कागदापुढे धरायची. ट्रायग्लिसराईड खरंच ६०० च्या पुढे असेल तर मागची अक्षरं धूसर होतात, हजारापुढे सीरम दुधाळ. आकडा ५५० आणि मागचा बारीक टाईप सरळ वाचता येतोय, तर तोच नमुना ब्लँकवाल्या पद्धतीनं लावा. तशी सोय नसेल तर बाहेर पाठवा. दुधाळ निघालं तर रात्रभर ४ अंशांवर उभं ठेवा: वर साय आली तर कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे कण), खालचंही गढूळ राहिलं तर व्हीएलडीएल (यकृतातून निघालेले).

'४०० च्या वर आणि निवळ' एवढी एक अट एसओपीत (लॅबच्या लेखी कार्यपद्धतीत) घातली की जन्मजात दोषवाले सापडतात. त्यासाठी प्रत्येक नमुन्याचं रिएजंट बदलायची गरज नाही.

निवळ_सीरम
ताई, ४०० च्या वरचे सापडतील. १४० चं २३० झालेलं सीरम डोळ्यांना निवळच दिसणार, कारण ते असतंच निवळ. डायलिसिसचे नमुने नेमके याच पट्ट्यात. तुमची अट त्यांना शिवणारसुद्धा नाही.

तिसरी_पाळी
आयसीयूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाच्या पांढऱ्या इमल्शनमध्ये १० टक्के सोयाबीन तेल असतं, पण त्याच बाटलीत २.२५ टक्के ग्लिसरॉलही असतं. २.२५ टक्के म्हणजे डेसिलिटरला २२५० मिलिग्रॅम, त्याला ९.६ नं गुणा, २१,६०० होतात. तेल डेसिलिटरला १०,००० च्या घरात. त्याच लाईनमधून रक्त काढलं आणि १ टक्का औषध मिसळलं, तर तेलामुळे आकडा १०० नं वाढेल, ग्लिसरॉलमुळे २१६ नं. दुप्पट भर न दिसणाऱ्या गोष्टीची! शिरेतून देतात त्या लिपिड इमल्शनच्या बाटलीवरही बघा, ग्लिसरॉल लिहिलेलं असतं.

आता हा ब्लँकचा मुद्दा म्हणायचा की नमुन्याचा? माझ्या मते नमुन्याचा. दुसऱ्या हातातून रक्त घ्या. ब्लँकनं २१६ जातील, तेलाचे १०० तसेच राहतील आणि रिपोर्ट उगाच विश्वासार्ह दिसेल.

दोनशेचा_स्टँडर्ड
हेच म्हणतोय. ब्लँक लावला की लोकांना वाटतं, आता आकडा बावनकशी. पेरॉक्सिडेजचा टप्पा तर तोच राहतो. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत एन-ॲसिटिलसिस्टीन चालू असताना घेतलेला नमुना, रक्तस्रावावर दिलेलं एटॅमसायलेट, शिरेतून दिलेलं भरपूर व्हिटॅमिन सी, या सगळ्यांनी रंग दबतो आणि ट्रायग्लिसराईड खोटंच कमी येतं. ब्लँक इथे काय करणार? त्यापेक्षा रिक्विझिशन फॉर्मवर चालू औषधांचा रकाना भरून घ्या. आपल्याकडे तो रकाना बहुधा कोराच येतो.

आणखी एक, ज्यावर कोणी बोलत नाही. कलेक्शन सेंटरवरून नमुना दुपारी निघतो आणि संध्याकाळी मशीनवर चढतो. तेवढ्या वेळात सीरममधलं लायपेज थोडं ट्रायग्लिसराईड तोडत असतं, हेपरिनवाल्या रुग्णात तर जास्तच. बिनब्लँकच्या पद्धतीत त्यानं फरक पडत नाही, कारण तुटलेलं ग्लिसरॉलही बेरजेत धरलं जातं. ब्लँकच्या पद्धतीत तेवढं ट्रायग्लिसराईड गायब! साखळी उन्हातून येणारी असेल तर तुमची 'अचूक' पद्धतच जास्त भरकटते.

निवळ_सीरम
हा मुद्दा वजनदार आहे, मानलं. पण उपाय नमुना लवकर सेंट्रिफ्यूज करून ४ अंशांवर ठेवण्याचा आहे. नमुना खराब होतो म्हणून तो खराब झालेला ओळखू न येणारी पद्धत वापरायची, हे तर्कट झालं.

क्यूसी_ताई
ईक्यूएएसचंही (लॅबच्या दर्जाची बाहेरून होणारी तपासणी) बघा. वेल्लोरच्या सीएमसीच्या योजनेत असाल तर पद्धतीचा गट नीट निवडा. ब्लँक लावून बिनब्लँकवाल्यांच्या गटात बसलात तर आकडा सतत खालच्या बाजूला पडेल आणि ऑडिटला त्याचा खुलासा लिहीत बसाल. रिपोर्टवर पद्धत लिहितानाही नुसतं 'जीपीओ-पीएपी' नको. 'मोकळं ग्लिसरॉल वजा केलेलं नाही' हे शब्द हवेत. याला पैसे लागत नाहीत.

तिसरी_पाळी
विषय निघालाच आहे तर उपाशीपोटीचंही. युरोपच्या २०१६ च्या सहमती निवेदनानं जेवणानंतरचा नमुना नेहमीच्या तपासणीला चालतो असं सांगितलं: जेवणानं सरासरी वाढ २६ मिलिग्रॅमच्या आसपास, १७५ पासून पुढे जास्त समजायचं आणि ४४० च्या वर गेलं तर उपाशीपोटी पुन्हा. आपल्याकडे '१२ तास उपाशी' सांगितलेला माणूस रांगेत १६ तासांवर जातो आणि तोवर चरबी तुटून मोकळं ग्लिसरॉल वाढू लागतं. ब्लँकवरून भांडण्याआधी ही रांग कमी करा.

दोनशेचा_स्टँडर्ड
आणि दुधाळ सीरम थेट लावू नका. बहुतेक किट सरळ रेषेत मोजतात ते १००० पर्यंतच. सलाईननं १ ला ४ मिसळून उत्तर ५ नं गुणा. सॅम्पल ब्लँक (रंग यायच्या आधीचं नमुन्याचं रीडिंग) वजा करणारं मशीन असेल तर जास्त जपा: सुरुवातीचा गढूळपणा वजा होतो, मग लायपेज तोच गढूळपणा साफ करतं आणि आकडा खोटा खाली येतो. यात तरी दुमत नसावं.

निवळ_सीरम
यात नाही. सक्तीबद्दल आहेच. निदान डायलिसिस आणि आयसीयूच्या नमुन्यांना ब्लँक लावायला काय हरकत आहे, ते सांगा.

दोनशेचा_स्टँडर्ड
एका मशीनवर एकाच तपासणीच्या दोन पद्धती, दोन कॅलिब्रेशन, दोन क्यूसी (दर्जा-नियंत्रण) चार्ट. रात्रपाळीला एकटा टेक्निशियन असतो. नमुना कोणत्या चॅनेलवर टाकायचा हे तो ठरवणार कशावरून? फॉर्मवर वॉर्डाचं नावसुद्धा नसतं.