उणे ऐंशीचा फ्रीझर नसेल तर कल्चरं मरू द्यायची का?

स्लँटवाला: तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. लॅबमध्ये एक साधा फ्रीज, तोही लोडशेडिंगच्या मर्जीवर. परवा एका बैठकीत ऐकवलं गेलं की उणे ८० अंशांचा फ्रीझर नसेल तर कल्चरं (लॅबमध्ये वाढवून जिवंत ठेवलेले जंतू) सांभाळायच्या फंदात पडू नका. मला हे साफ नामंजूर आहे. स्लँटवर (नळीत तिरपं गोठवलेलं अगार, म्हणजे जंतूंच्या खाद्याची जेली) वाढ नीट आली की वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, ओता आणि कपाटात ठेवा. वर्ष-दोन वर्षं बघायला नको. पॅराफिन नुसतं ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलं) तर पाणी धरून दुधाळ होतं, म्हणून हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांना दोन तास. थर स्लँटच्या टोकावर सेंटीमीटरभर हवाच. टोक उघडं राहिलं तर ते वातीसारखं काम करतं आणि अगार सुकत जातं.

पेट्रीताई: सर, जिवंत राहणं वेगळं आणि तेच राहणं वेगळं. तेलाखाली वाढ मंदावते, थांबत नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या तपासणीच्या प्रमाण स्ट्रेनचा (ठरावीक वाणाचा) जेंटामायसिनचा झोन (औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यावाच लागतो. नाही आला की दोष डिस्कचा, मीडियाचा की दोन वर्षं तेलात बसलेल्या स्ट्रेनचा, हे शोधण्यात दिवस जातो. रिपोर्टवर पेशंटचं औषध ठरतं. वर्गातल्या प्रॅक्टिकलला तुमची पद्धत चालेल, आमच्याकडे नाही.

स्लँटवाला: तुमचा २५९२२ पुन्हा विकत मिळतो हो. आमच्या मुलांनी हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतून काढलेला रायझोबियम जंतू कुठल्या कॅटलॉगात आहे? तो गेला की गेला.

पेट्रीताई: मग तो इतका मोलाचा असेल तर एकाच कपाटात कशाला? जंतू जपून ठेवणाऱ्या संस्था आहेत, पुण्यात एनसीआयएम, चंडीगडला एमटीसीसी. तिथे जमा करायचं बघा. आणि पॅराफिनवाल्या नळीतून लूप (जंतू उचलायची तारेची कडी) काढून थेट ज्योतीत धरलात की तेल तडतडतं आणि जंतू टेबलभर उडतात. मुलांना हे सांगता ना?

स्लँटवाला: सांगतो. लूप आधी नळीच्या काठाला निथळायचा. पहिला स्ट्रीक (अगारवर लूपने ओढलेली रेघ) बुळबुळीत येतो, त्यातून दुसरा घ्यायचा. पण जमा करायचं म्हटलं तरी तोवर इथे जगवायला नको?

जुना लॅबवाला: दोघं फ्रीझरवरून भांडताय. मी तीस वर्षांत कल्चरं मरताना पाहिली ती बहुतेक 'दर महिन्याला सबकल्चर करा' (ताज्या अगारवर पुन्हा वाढवा) या नियमाने. सेरेशिया मार्सेसेन्स हा जंतू पहिल्या वर्षी लालभडक, मग गुलाबी, शेवटी पांढरा. मुलं विचारायची, सर हाच का तो? दुसरा मारेकरी म्हणजे लेबल. स्केचपेनने लिहिलेलं तेलाच्या बोटाने पुसलं जातं. तिसरा, सगळं सरसकट फ्रीजमध्ये कोंबणं. कॉलऱ्याच्या व्हिब्रिओला थंडी मानवत नाही, त्याला अर्धघट्ट अगारमध्ये टोचून बाहेरच ठेवा. वीज नसेल तर निर्जंतुक फिल्टर पेपरच्या चकत्यांवर स्किम मिल्कमध्ये कालवलेलं कल्चर टाका, वाळवा आणि सिलिका जेलसोबत बंद बाटलीत ठेवा. नाजूक जिवांना हे जमत नाही, गोनोकोकस (परम्याचा जंतू) तर विसराच.

पेट्रीताई: चकत्या वाळल्यावर किती जिवंत राहिले, ते मोजलंत का कधी?

जुना लॅबवाला: मोजलं. वाळवताना पुष्कळ मरतात. म्हणून घट्ट सस्पेन्शन (जंतू कालवलेलं मिश्रण) घ्यायचं आणि एका स्ट्रेनच्या वीस चकत्या करायच्या. दर वेळी एकच उघडायची, उरलेल्यांना हात लावायचा नाही.

स्लँटवाला: उद्याच रायझोबियमच्या वीस करतो. तेलातल्या नळ्या मात्र फेकणार नाही, ताई.