‘होमिसाइड’ची कबुली मुंबईत चालेल का?

सातरस्ता
दार तोडा, एक कानफटात द्या, शेवटच्या पाच मिनिटांत आरोपी घडाघडा ओकेल. या साच्याचा कंटाळा आला असेल तर ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ ही दुर्लक्षित मालिका बघा. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर १९९३ ते १९९९, सात सीझन, १२२ भाग. डेव्हिड सायमनने बाल्टिमोरच्या खून-तपास पथकावर लिहिलेल्या पुस्तकावरून केलेली.

माझ्या मते तिचा नायक डिटेक्टिव्ह पेम्बल्टन नाही, भिंतीवरचा पांढरा फळा आहे. वर डिटेक्टिव्हचं नाव, खाली त्याच्या वाट्याला आलेल्या मृतांची. उलगडा नाही तोवर लाल, झाला की काळं. फोन जो उचलेल त्याच्या गळ्यात केस. नवरा रक्ताळलेल्या हाताने दारातच बसलेला असेल तर दुपारपर्यंत काळं. पावसात पडलेलं मूल आणि साक्षीदार शून्य, तर ते लाल नाव तुमच्या डोक्यावर वर्षभर. कुणाची रांग वाढतेय ते अख्ख्या ऑफिसला दिसतं. कारकुनी आहे, पण तिच्यात जीव अडकतो.

कोपऱ्यातला पंच
फळा छानच आहे. पण मालिकेचा प्राण ‘बॉक्स’मध्ये, म्हणजे चौकशीच्या खोलीत आहे, आणि तिथेच मुंबईतल्या प्रेक्षकाची गाडी अडते. पहिल्याच भागात पेम्बल्टन संशयिताला ‘गप्प बसण्याचा हक्क’ सोडायला लावतो, तेही सेल्समनच्या गोडीने. सही झाली की पुढची कबुली तिथल्या कोर्टात पुरावा. आपल्याकडे पोलिसासमोर दिलेली कबुली दीडशेहून अधिक वर्षं रद्दी आहे. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता २०२३ च्या साक्ष अधिनियमाचं कलम २३. मग बारा तास घाम गाळून हाती काय? मोक्का असेल तर उपायुक्त दर्जाचा अधिकारी कबुली नोंदवू शकतो, पण रोजच्या खुनाला मोक्का लागत नाही.

सातरस्ता
पंच, तुम्हीच माझं काम सोपं केलंत. ‘थ्री मेन अँड अडीना’ हा भाग घ्या. एक खोली, दोन डिटेक्टिव्ह, एक संशयित: घोडागाडीवरून फळं विकणारा म्हातारा. मुदत बारा तासांची. आणि शेवटी? कबुली नाही. अडीना या खून झालेल्या मुलीचं नाव लालच राहतं, पुढे कधीच काळं होत नाही. म्हणजे कबुली मिळाली की जिंकलो, हा हिशेब मालिका स्वतःच मोडते.

कोपऱ्यातला पंच
एक भाग. बाकी शंभरात काय होतं तेही सांगा की.

मेमोरँडम
दोघेही कबुलीलाच चिकटलात. कायद्यात पळवाट नाही, पण फट आहे: जुनं कलम २७, आता २३ चंच परंतुक, म्हणजे अपवाद. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. ‘ज्या सुऱ्याने मी त्याला मारलं तो पत्र्याखाली लपवलाय’ यातलं ‘पत्र्याखाली लपवलाय’ आत, ‘मी मारलं’ बाहेर. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही रेघ मारली, ती अजून तशीच आहे.

म्हणून इथल्या पेम्बल्टनला कबुली विकायची नसते, सुऱ्याचा पत्ता काढायचा असतो. तेही दोन पंचांसमोर: आधी निवेदनाचा पंचनामा, मग आरोपीला पुढे चालवत नेऊन जप्तीचा पंचनामा, सुरा जागेवरच सीलबंद, लेबलवर पंचांच्या सह्या, मग कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. फसतं कुठे? सुरा सार्वजनिक संडासामागे, कुणाचाही हात पोचेल अशा जागी सापडला, तर बचावाचा वकील हसतो. पंच नेहमीचाच निघाला, सील उशिरा लागलं, किंवा जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती, तर जप्ती पाण्यात. यात नाट्य नाही म्हणणाऱ्याने एकदा पंचाची उलटतपासणी ऐकावी.

तिरपा कॅमेरा
कायदा राहू द्या, ती बघवत नाही त्याचं काय? सुपर-१६ फिल्म, कॅमेरा हातात, अख्खा प्रसंग पुन्हापुन्हा चित्रित करायचा आणि वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडायचे. एकच वाक्य तीनदा तुटतं. विरार फास्टच्या दारात लटकून टीव्ही बघितल्यासारखं वाटतं. शिवाय ‘दुर्लक्षित’ कसली? तीन पीबडी पुरस्कार आहेत तिच्या नावावर.

सातरस्ता
पुरस्कार तीन, प्रेक्षक थोडे. बराच काळ शुक्रवारी रात्री दहाची वेळ होती. नंतर गाण्यांच्या हक्कांचं घोंगडं भिजत पडलं आणि अमेरिकेतच ती स्ट्रीमिंगवर यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. त्या तुटक्या जोडणीला थोडा वेळ द्या. नजर बसते, आणि मग बाकी मालिका फार गुळगुळीत वाटायला लागतात.

बघायचीच असेल तर क्रम सांभाळा. ‘नाइट ऑफ द डेड लिव्हिंग’ हा उकाड्यातल्या एका रात्रीचा भाग तिसरा म्हणून लिहिलेला, पण एनबीसीने पहिल्या सीझनच्या शेवटी दाखवला. तो तिसराच बघा. पहिला सीझन नऊ भागांचा, दुसरा अवघ्या चार. या तेरात चव कळते.

तिरपा कॅमेरा
आणि पुढे? ड्रग माफिया ल्यूथर महोनीचं शेपूट लांबत जातं, सहाव्या सीझनच्या शेवटी पथकाच्या ऑफिसातच गोळीबार. म्हणजे फिरून दार तोडण्याकडेच की!

सातरस्ता
हे मान्य. पाचव्यानंतर मीही कुणाला आग्रह करणार नाही.

कोपऱ्यातला पंच
माझा प्रश्न अजून तसाच आहे. बाल्टिमोरला खुनांसाठी एक पथक, एक फळा. मुंबईत ९० हून अधिक पोलीस ठाणी. गुन्हा स्थानिक ठाण्यात दाखल, आणि गुन्हे शाखेचं युनिट समांतर तपास करतं. ते लाल नाव लिहायचं कुणाच्या भिंतीवर?

मेमोरँडम
दोन्ही भिंतींवर. दोघांनाही ते आधी आपल्या भिंतीवर काळं करायचं असतं, म्हणून एकाच साक्षीदाराच्या दारात दोन गाड्या उभ्या राहतात. आणि अटकेने काम भागत नाही. पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत आरोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनावर हक्काने बाहेर. ८९ व्या दिवशी कलिन्याचा अहवाल आलेला नाही, तपासी अधिकारी बंदोबस्तावर, आणि झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद. मला हा भाग बघायचाय.