विषय: मांडू सहल – दोन नंबर गाडीचा पिवळा दिवा

नमस्कार,
दोन नंबरच्या गाडीत (सात सीटर, डिझेल) डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागलाय. गाडी बदलायची का? आज रात्रीपर्यंत कळवा, महेश्वरच्या सहलीसारखी ऐनवेळची धावपळ नको.
– सहल समिती

बदलू नका. दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते पाहा. स्थिर असेल तर फिल्टरमध्ये काजळी साठलीय, एवढंच. घर-शाळा-राजवाडा अशा फेऱ्यांत एक्झॉस्ट तापतच नाही आणि काजळी जळायला सुमारे ६०० अंश लागतात. उद्या बायपासवर न्या, २०००–२५०० आरपीएमवर वीस मिनिटं एकसारखी चालवा. डिझेल पाव टाकीच्या वर ठेवा, कमी असलं तर बऱ्याच गाड्या जाळणं सुरूच करत नाहीत. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी ओढत नसेल तर मात्र चालवू नका, स्कॅनर लावून वर्कशॉपमध्येच जाळून घ्यावं लागेल.
– सुदामा नगर

एवढा खटाटोप कशाला? फिल्टरची जाळीच काढून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप करून टाका. पिकअपही वाढतो.
– राजेंद्र नगर

काका, कृपा करून हे सुचवू नका. बीएस-६ गाडीतला फिल्टर काढणं बेकायदा आहे, वॉरंटीही जाते. आणि तो धूर मागच्या गाडीतल्या पोरांच्याच नाकात जाणार.
मुख्य गोष्ट राहिली: डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. काजळी जाळताना जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात. इंजिन मध्येच बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर खेपेला थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मॅक्सच्या वर गेलंय, डिझेलचा वास येतोय? मग सहलीआधी बदलाच, पातळ ऑइलनं टर्बोचे बेअरिंग जातात. मॅन्युअलमधलं कमी राखेचंच ऑइल घ्या. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, फिल्टरमध्येच राहते.
– वैशाली नगर

म्हणजे जाळणं मध्येच तुटू नये म्हणून पोह्यांचा थांबा वाटेतल्या बेटम्याला नको, पुढे धारलाच घ्या.
– सुदामा नगर

थांबा समितीनं ठरवलाय, पोह्यांची ऑर्डरही गेलीय. या ईमेल यादीवर परस्पर बदलू नका.
– सहल समिती

थांबा तिथंच राहू द्या. फक्त उतरण्याआधी ड्रायव्हरनं बघावं: पंखा जोरात आणि आयडल नेहमीपेक्षा वर असेल तर जळणं चालू आहे, इंजिन बंद न करता दोन नंबरनं पुढे जाऊन धारला थांबावं. त्यांचे पोहे बांधून द्या. मांडूला वाळल्या गवतावर लावू नका, काजळी जळताना एक्झॉस्ट भयंकर तापलेला असतो.
– वैशाली नगर