स्वतः गाडी चालवत सफारी : तुमचे अनुभव लिहा

ताडोब्यात जिप्सी, चालक, गाइड सगळं ठरलेलं असतं. आपण मागे बसून फक्त मान फिरवायची. आफ्रिकेतल्या बऱ्याच उद्यानांत मात्र भाड्याची साधी हॅचबॅक घेऊन थेट सिंहांच्या मुलखात शिरता येतं. तिकडे नोकरीनिमित्त राहणारे शनिवार-रविवार गाठून हे सर्रास करतात. तुम्ही कुठे गेलात, काय जमलं, काय सोबत न्यावं, सगळं लिहा. प्राण्यांची नुसती यादी नको, गाडीतली गंमत येऊ द्या.

प्रिटोरिया

आमचं क्रूगर, दक्षिण आफ्रिकेतलं राष्ट्रीय उद्यान. शुक्रवारी दुपारी निघून एन ४ महामार्गानं मालेलाने गेटजवळ मुक्काम, शनिवारी गेट उघडायच्या आधीच रांगेत. उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर साधारण ३६० किलोमीटर. त्यामुळे दोन दिवसांत दक्षिणेचा तुकडाच धरावा. स्कुकुझा ते लोअर साबी हा एच ४-१ रस्ता साबी नदीच्या कडेकडेनं जातो आणि बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. अडचण एवढीच की हे सगळ्यांना माहीत आहे. एक गाडी थांबली की बघता बघता दिवाळीतला लक्ष्मी रोड होतो, आणि झाडावरच्या बिबट्याची शेपटी तेवढी वाट्याला येते. आम्ही अशा गर्दीतून सरळ बाहेर पडतो आणि एखादा 'एस' क्रमांकाचा कच्चा आडरस्ता पकडतो.

डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५०, कच्च्यावर ४०. पण पंचविसाच्या वर गेलात तर इम्पाला हरणांखेरीज काही दिसणार नाही. मागच्या दोघांना डावी-उजवी बाजू वाटून द्यायची, पुढच्यानं नकाशा सांभाळायचा. चालवणाऱ्यानं रस्ताच बघायचा. घरातली भांडणं इथेच सुरू होतात.

संध्याकाळी उद्यानातल्या मुक्कामाच्या कॅम्पचं गेट ठरल्या वेळी बंद होतं. ऐन उन्हाळ्यात साडेसहाला, ऐन हिवाळ्यात साडेपाचला. उशिरा पोचलात तर दंड. शेवटच्या तासात नेमका हत्तींचा कळप रस्ता अडवतो, म्हणून आम्ही परतीसाठी नकाशावरच्या हिशेबाच्या दुप्पट वेळ धरतो.

रात्री बंगल्याबाहेर ब्राईची, म्हणजे निखाऱ्यावर भाजायची शेगडी असतेच. शेजारी बोअरवोर्स नावाचे सॉसेज भाजतात, आम्ही भरतासाठी वांगी. वास घेत विचारायला आलेल्या आजोबांना भाकरीबरोबर दिलं, त्यांनी बदल्यात दुसऱ्या दिवशी सिंह कुठे बसलेत ते सांगितलं. खरोखर तिथेच होते. खाण्याचं काही व्हरांड्यात उघडं ठेवू नका, व्हर्व्हेट माकडं क्षणात साफ करतात.

जोहान्सबर्ग, आईबाबा आले होते तेव्हा

म्हाताऱ्यांना क्रूगरसारख्या मलेरियाच्या भागात न्यायचं नव्हतं, म्हणून पिलानेसबर्ग. घरापासून अडीच तास, मलेरिया नाही, आणि पूर्ण उद्यान एका अतिप्राचीन मृत ज्वालामुखीच्या कड्यात बसलंय. हे रान मुद्दाम वसवलेलं आहे : १९७९ मध्ये उद्यान झालं आणि 'ऑपरेशन जेनेसिस' नावाखाली सुमारे सहा हजार प्राणी बाहेरून आणून सोडले. हत्ती क्रूगरमधून आले, पण आणली ती पोरंच. वडीलधारा नर कळपात नाही. ती पोरं वयात आल्यावर अकाली माजावर येऊन पांढऱ्या गेंड्यांना मारू लागली. १९९८ मध्ये सहा मोठे नर आणले आणि प्रकार थांबला. हे ऐकून बाबा म्हणाले, "आमच्या सोसायटीत पण दोन आणून सोडा."

आम्हाला त्यातलाच कुणी भेटला असेल, सांगता येत नाही. मानक्वे धरणाकडे उतरताना वळणावर एकटा नर समोरून चालत आला. गंडस्थळावरून मदाचा काळा ओघळ, चाल संथ, घाई अजिबात नाही. नवऱ्यानं इंजिन चालू ठेवून गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. तो जेवढा पुढे, आम्ही तेवढे मागे. हॉर्न नाही, बोलणं नाही. आईनं मागच्या सीटवर गणपती अथर्वशीर्ष सुरू केलं. पाचव्या की सहाव्या ऋचेला तो बाजूच्या झुडपात वळला. आईच्या मते कारण उघड आहे. एक सांगते : हत्ती दिसला की लांबच थांबा आणि मागे जायची वाट मोकळी आहे ना ते आधी आरशात बघा. मागे दुसरी गाडी चिकटली असेल तर तिलाही हातानं खूण करा.

नैरोबी

आम्हाला वीकेंडसुद्धा लागत नाही, रविवारची सकाळ पुरते. नैरोबी नॅशनल पार्क शहराला चिकटूनच आहे : १९४६ मधलं, ११७ चौरस किलोमीटर. हत्ती नाहीत, सिंह, गेंडे, जिराफ आहेत. मागे ऑफिसच्या इमारती, वरून रेल्वेचा उंच पूल, खाली झेब्रे. पावसानंतर काळी माती चाकाला अशी धरते की विदर्भातली शेतं आठवतात. तेव्हा लहान गाडी नेऊ नये.

विंडहूक

नामिबियातल्या एटोशा उद्यानात गाडी कमी चालवा आणि जास्त थांबवा. कोरड्या महिन्यांत प्राण्यांना पाणवठ्यावर यावंच लागतं. सावलीत गाडी लावून थर्मास उघडायचा. ओकाउकेयो कॅम्पला तर कुंपणाशीच पाणवठा आहे आणि रात्री त्यावर दिवे असतात. काळे गेंडे तिथे रात्री येतात. टायर तपासून घ्या, खडीचे रस्ते सोडत नाहीत. जून-जुलैत इथे हिवाळा, स्वेटर, कानटोपी न्या. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून आलेले पाहुणे पहाटे माझ्या चादरी पांघरून बसतात.

नागपूर

मी ताडोब्यात वाढलेला माणूस, त्यामुळे थोडा विरोधी सूर. क्रूगरला मुलाबरोबर स्वतःच्या गाडीनं फिरलो. मजा आली, पण गाइडचा डोळा नसतो. आपल्याकडे तो सांबराचा 'पोंक' ऐकून गाडी थांबवतो, धुळीतला पंजा वाचतो. तिथे खिडक्या बंद, एसी चालू, मुलांची गाणी. जंगल बोलतंय ते ऐकू कसं येणार? गाडीतून उतरायची तर कॅम्प, सहलीची ठिकाणं आणि काही ठरावीक जागा सोडून मुभाच नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी काचा खाली करून, गाणी बंद करून निघालो, तेव्हा कुठे इम्पालांचं फुरफुरणं कानावर आलं.

प्रिटोरिया

नागपूरकर, अर्धं मान्य. म्हणूनच शनिवार स्वतःचा आणि रविवार पहाटेची उद्यानाचीच गाइडसह फेरी, असं करतो आम्ही. ती गाडी कॅम्पचं गेट सगळ्यांना उघडायच्या आत निघते. आरक्षण आधी करावं लागतं. आणि बाकीच्यांना एक विनंती : गेंडा दिसला तर फोटो टाकताना जागा, रस्त्याचा नंबर काही लिहू नका, शिकारीही ते वाचतात. रविवारच्या फेरीचा मोठा फायदा म्हणजे माझ्या नवऱ्यालाही एकदाचं खिडकीबाहेर बघायला मिळतं.