काळीज म्हणजे नेमकं काय, लिव्हर का हार्ट?

परभणीकर:
आमच्या आजोबांच्या तोंडचा एक शब्द डोक्यातून जाईना म्हणून विचारायलोय. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्याच्या आधीच्या शिकारीच्या गोष्टी ते सांगायचे, ससा नाहीतर रानडुक्कर मारलं की "काळीज तिथंच भाजायचं, बाकीचं घरी". आता हे काळीज कोणतं? काळीज धडधडतंय म्हणतो तवा हार्ट होतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की लिव्हर देतेत. आतल्या बाकीच्या अवयवांचे जुने शब्द माहिती असले तर ते पण सांगा.

बीडची लेक:
लिव्हरच दादा. मूळ संस्कृत कालेय, त्याचा अर्थच यकृत, हिंदीतला कलेजा पण त्याच घरातला. काळजाचं पाणी झालं, काळजाचा तुकडा, ही माया आणि भीती नंतर त्या शब्दावर चढली आणि बोलण्यात तो हार्टकडं सरकला, पण सुरीखाली काळीज म्हणजे लिव्हरच राहिलं. हार्टला आमच्याकडं खाटीक 'दिल' म्हणतेत, तसंच गुर्दा म्हणजे किडनी, तिल्ली म्हणजे प्लीहा, भेजा म्हणजे मेंदू. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, दखनी उर्दू रोजची कानावर, त्यामुळं असे शब्द इथं पक्के रुजलेत. आपले म्हणाल तर फोपसं म्हणजे फुप्फुस, कोथळा म्हणजे पोट-आतडी, वजडी म्हणजे जठर. आणि तिथंच भाजायचं कारण सरळ आहे, उन्हात काळीज सगळ्यात आधी खराब होतं आणि निखाऱ्यावर लगेच शिजतं, डुकराच्या मांसाला किती वेळ लागतो. फक्त अर्धंकच्चं नको, जपानात रानडुकराचं कच्चं काळीज खाऊन हिपॅटायटीस ई झालेले लोक आहेत.

किनवटवाला:
काळजाबरोबर 'पित्त' हा शब्द पण घ्या. बोकड कापताना बघितलंय का कधी, काळजाला चिकटून हिरवट पिशवी असते, ती दोन बोटांत धरून हळूच सोडवायची, फुटली आणि थेंब सांडला की तेवढं काळीज कडूजहर, धुऊन जात नाही. चितळ-सांबराला ही पिशवीच नसते. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे चितळाला पित्त नाही, मला वाटायचं राग येत नाही असं म्हणायलेत, नंतर कळलं की शब्दशः खरंय, हरणाच्या त्या कुळात, ज्यांची शिंगं दरवर्षी गळून पडतात, पित्ताशय नसतंच. किती बारीक बघणारी माणसं होती ती. शिकार बंद झाली ते बरंच झालं, पण हे शब्द कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजेत, कोशात नुसतं 'काळीज = हृदय' बघितलं की वाईट वाटतं.

देगलूरकर:
बोटीचं पण तसंच. मराठीत बोटी म्हणजे मांसाचा तुकडा, पण हैदराबादकडं बोटी मागा, वजडी-आतडी मिळते. लग्नाच्या वऱ्हाडात आमच्या मामानं हॉटेलात चार प्लेट बोटी सांगितली होती, आवडली म्हणा त्याला.

परभणीकर:
आत्ता आईला फोन लावला. ती म्हणते लिव्हरच, ते मोठ्या माणसांचं. हार्ट बारकं असायचं, ते फडक्यात बांधून पोरांसाठी घरी आणायचे, आणि त्याला काय म्हणायचे विचारलं तर म्हणाली काही नाही, "ते बारकं" म्हणायचो.